प्रतिस्पर्धी कंपनीतला नवरा

नवा प्रोसेसर बाजारात आला, चाचण्यांचे आकडे जाहीर झाले आणि शर्वाणीच्या टीमनं ऑफिस डोक्यावर घेतलं. रात्रीचा दिवस करून त्यांनी घडवलेली चिप प्रतिस्पर्धी कंपनीच्या चिपपेक्षा वेगवान ठरली होती. शर्वाणी सगळ्यांबरोबर हसत होती खरी, पण घरी जायला बिचकत होती. हरलेल्या टीमचा प्रमुख तिचा नवरा होता.

घरी ऑफिसचा विषय काढायचा नाही, हे दोघांनी लग्नाआधीच ठरवलं होतं. दार उघडताना तिनं चेहरा शक्य तितका गंभीर केला. निनाद ओट्यापाशी उभा होता आणि त्याचे डोळे लालभडक झाले होते.

"रडतोयस?" तिनं घाबरून विचारलं.

"कांदा चिरतोय," तो म्हणाला. "बरं, तुमची एक चिप मिळेल का गं?"

"फोडून बघायला? मुळीच नाही!"

"फोडून तर आम्ही दुपारीच पाहिली. काय देखणं काम केलंयस!" मनगटानं नाक पुसत तो म्हणाला. "ही आईला हवीय. सुनेनं काय बनवलंय ते सगळ्या सोसायटीला दाखवणार आहे म्हणे."