बिनदिव्याची सायकल

दारू पिऊन गाडी चालवली म्हणून मॅलकी टूहीला बॅलिनरोच्या कोर्टाने दंड केला, वर परवानाही काढून घेतला. गावचं साप्ताहिक त्याच्याच घराण्याचं, आता जोडीला जाहिरात कंपनीही. तीस वर्षं तिथे बातमीदारी करणाऱ्या नोरीनने त्याला भिंतीवरची चौकट दाखवली. आत साप्ताहिकाच्या १९३४ मधल्या एका अंकाचं पहिलं पान होतं. अंधारात बिनदिव्याची सायकल चालवल्याबद्दल पोटच्या पोराला दंड झाला, तेव्हा मॅलकीच्या आजोबांनी ती बातमी नावानिशी छापली होती. याच पानावर नोरीनने अर्ध्या आयर्लंडच्या नवशिक्या बातमीदारांना निर्भीडपणाचे धडे दिले होते.

"आता तुझी पाळी, मॅलकी."

"छापा की, नोरीनताई. पहिल्याच पानावर. खाली टॅक्सीवाल्याची अर्धं पान जाहिरात घेतलीय."

"लाज आहे का काही? आजोबांचं नाव धुळीला मिळवलंस."

"ताई, ते पान तुम्ही कधी खालपर्यंत वाचलंयत का?"

नोरीनने चष्मा चढवला आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच बातमीच्या खालची जाहिरात वाचली.

'सायकलचे दिवे. कोर्टाच्या दंडाहून स्वस्त. आमच्याच कचेरीत मिळतील.'