चिमटा ज्याच्या हाती

“द्या तो चिमटा इकडे,” कुसाका म्हणाला. “मी भाजतो.”

“गप बस रे. आज मी भाजणार,” म्हणत तोयोनागासाननी मांसाचे पातळ काप एकेक करून टेबलातल्या शेगडीच्या जाळीवर पसरले.

कुसाकाला कसंसंच झालं. धाकट्याने भाजायचं आणि थोरल्याने खायचं, ही रीत त्याला त्यांनीच लावली होती. बटणांच्या कारखान्यात तो कोरा करकरीत लागला, तेव्हा साचा कसा पारखायचा तेही त्यांनीच शिकवलं. चिएशी झालेल्या त्याच्या लग्नात मध्यस्थ म्हणून उभे राहिले तेही तेच.

आणि आज त्यांना नोकरी सोडायला सांगायचं होतं. तेही कुसाकाने.

“तुम्ही त्यांच्या हाताखाली तयार झालात,” सकाळी संचालक मिझोगुची म्हणाले होते. “तुम्ही समजावलंत तर मुकाट्याने राजीनामा देतील. कुणाला चारचौघांत काढायला आम्हाला तरी कुठे बरं वाटतं?”

जेवायला चला म्हणायचं कसं, या विचारात तो जागेवर येऊन बसला, तर तोयोनागासानच समोर उभे. “चल, त्सुरुहाशीला जाऊ. दुपारी तिथे स्वस्तात पोटभर मिळतं.”

खरंच मिळत होतं. मांसाची ताटली, सूप, आंबवलेला कोबी आणि भात हवा तितका. संध्याकाळी याच ताटलीला दुप्पट पैसे पडले असते. आजूबाजूची माणसं मान खाली घालून जेवत होती. वरच्या रेल्वेपुलावरून गाडी गेली की सूप थरथरायचं. कुसाका मात्र जेवायच्या काड्यांनी भात नुसता चिवडत होता.

“तोयोनागासान, एक बोलायचं होतं.”

“आधी खा. गार झालं की त्याचं चामडं होतं.” त्यांनी भाजलेला काप त्याच्या वाडग्यात टाकला.

चरबी ठिबकून जाळ उसळला. खानावळीच्या मालकीणबाई धावत आल्या, त्यांनी जाळीवर बर्फाचा खडा ठेवला आणि कुसाकाकडे पाहून डोळे मोठे केले. “काय हो जावईबापू, सासऱ्याला निखाऱ्याशी बसवलंत आणि स्वतः आयते गिळताय?”

“जावई नाही हो हा,” तोयोनागासान हसले. “पण जरा भात आणा याला अजून. लाजतोय.”

त्या गेल्या. कुसाकाने कॉलर सैल केली, पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला. बोलायला तोंड उघडलं आणि नेमकी वरून गाडी गेली.

“चिए कशी आहे?” गाडी गेल्यावर तोयोनागासाननी विचारलं.

“मजेत. अजून शाळेच्या स्वयंपाकघरातच आहे.”

“छान, छान. आणि तिचा भाऊ? साकाईला सुऱ्यांचा कारखाना होता ना त्याचा?”

“आहे की. माणसं मिळत नाहीत म्हणून सारखा कुरकुरतो.”

“असं?” तोयोनागासान जरा पुढे सरकले. “म्हणजे घेईल कुणाला? वय थोडं जास्त असलं तरी?”

कुसाकाने चमकून वर पाहिलं. म्हणजे यांना कुणकुण लागली होती! म्हातारा आपली सोय बघत होता, आणि तीही किती आडवळणाने. आता त्याचं लक्ष गेलं, त्यांच्या वाडग्यातला भात जसाच्या तसा होता. त्यांनी मांसाचा एकही काप तोंडात टाकला नव्हता.

“घेईल,” तो घाईघाईने म्हणाला. “माझ्या शब्दाबाहेर नाही तो.”

“नक्की?”

“नक्की. उद्याच बोलतो.”

तोयोनागासाननी मोठा सुस्कारा सोडला. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखे ते सैलावले. कुसाकालाही धीर आला. आता सांगितलं तर निदान हातात काहीतरी देऊन सांगता येणार होतं. त्याने काड्या खाली ठेवल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर घेतले आणि मान झुकवली.

“मला माफ करा, तोयोनागासान.”

त्याने वर पाहिलं. चिमटा बाजूला ठेवून तोयोनागासान त्याच्यापुढे कपाळ टेबलाला टेकेल इतके वाकले होते.

“तू कशाला माफी मागतोस, पोरा?” ते तसेच वाकून म्हणाले. “या महिनाअखेरीस राजीनामा दे. मिझोगुची म्हणाले, माझं सांगणं तू मोडणार नाहीस.”