जपलेला दगड

तिसरा दगडही सापडेना, तशी सयाजी सर्व्हेअरच्या जिवाची तगमग सुरू झाली. पहिला डांबरी रस्त्याखाली गेला होता. दुसऱ्याचे तुकडे कुणीतरी घराच्या पायात घातले होते. संस्थानच्या काळात नेमकी उंची मोजून, बाण नि आकडा कोरून पुरलेले हे दगड. त्यांच्यावरूनच आसपासच्या जमिनीची उंची काढायची. तिसराही गेला असला तर सगळाच खेळ खलास.

शिरोळजवळच्या या वस्तीत कृष्णेचं पाणी घडी घडी घरात शिरायचं. लोकांना वर टेकावर जागा हवी होती. कचेरीत मात्र जुना नकाशा पुढं केला जायचा. 'वस्तीपुढं हा तिसरा दगड, त्याच्यापुढं दोन शेतं, मग नदी. कशाला हलायचं?' वस्ती खोलात आहे हे आकड्यानं दाखवलं तरच कागद हलणार होता, आणि मिरगाचा पाऊस तर तोंडावर आला होता.

पहार घेऊन सयाजी काठावरचं झुडूप न् झुडूप उपसत होता. कोतवाल केरबा मागनं धापा टाकत होता.

"साहेब, च्या तरी घ्या."

"चहा पिऊन दगड उगवणार हाय का?"

काठावरच्या शेवटच्या घरातून खैरुनबी म्हातारीनं हाक मारली. "काय हरवलंय, पावणं?"

सयाजीनं वैतागतच सांगितलं.

"बाण कोरलेला? मग आदी इचारायचं न्हाय व्हय! आत या."

माळ्यावर घोंगड्याखाली दगड होता. धुतलेला, पुसलेला. बाण शाबूत, आकडा शाबूत. सयाजीला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. मग एकदम त्याचा हात थांबला.

"आजी, ह्यो इथं कसा?"

"इंजिनेरसाहेबानं आमच्या सासऱ्याला बजावलंतं, ह्यो सरकारी दगूड, जिवापाड जपा. पूर आला की पयला ह्यो माळ्यावर, मग कोंबड्या, मग आमी. शेवटाला म्हटलं, ऱ्हाऊ दे वरच!"

सयाजीनं पहार भिंतीला टेकवली. जागचा हलला की असला दगड पाटा-वरवंट्याच्याही कामाचा नाही. म्हातारीवर खेकसावं असं त्याला वाटलं. पण ती इतकी खुशीत होती की त्यानं राग गिळला.

"मूळचा होता कुठं? ती जागा तरी दावा."

खैरुनबीनं त्याला मागच्या दारात नेलं. समोर नदी संथ वाहत होती.

"ती नाव चाललीया न्हवं? तिच्या खाली."

म्हणजे नकाशातली ती दोन शेतंही नदीच्या पोटात गेली होती. सयाजीनं नकाशा उलगडला आणि दगडाच्या खुणेवरनं पेन्सिलीनं नदी ओढली. उंची आता कोण विचारणार होतं?

"दगड माळ्यावरच ऱ्हाऊ दे, आजी," तो म्हणाला. "आता टेकावरच्या घरात उतरवू."