पेडलचा नवा डबा

"निवड मंडळ कसलं, गळे कापणारी टोळी आहात तुम्ही!"

आईनं हे तिसऱ्यांदा म्हटलं. मंडळातलं कोणी तिथं नव्हतं. दुकानात होते पोटं उघडी पडलेले चार रेडिओ, दुरुस्तीला आलेला एक मिक्सर आणि बाकावर बसलेली लेक. मधे टेबलावर ते पेडल. गिटारच्या आवाजाला करवतीची धार देणारं, पायानं दाबायचं, बाजारातलं सगळ्यात स्वस्त. मंडळानं ते सकाळी परत पाठवलं होतं. कारण एका ओळीचं : डबा प्लास्टिकचा आहे.

"आवाज तरी ऐकला का त्यांनी?"

"नाही. टिचकी मारून बघितलं नुसतं."

"टिचकी? मडकं घ्यायला बसलेत का मेले!"

संगीतशाळेत जागा बारा. दोन वर्षं, दुसऱ्या शहरात, तिथंच राहून शिकायचं. लेकीनं त्या एका जागेसाठी तीन वर्षं बोटांची सालटी काढली होती. शुक्रवारी वाजवून दाखवायचं. बुधवारपर्यंत सामान पास करून घ्यायचं. नाही झालं तर घरी बसायचं.

"आमच्यातला ड्रमवाला त्याचं पेडल देतोय," लेक म्हणाली. "पत्र्याचंच आहे. चार दिवसांचा तर प्रश्न."

"उसन्या वस्तूवर जाणार तू? आणि मी काय मेलेय?" आई उसळली. "ह्यालाच पत्र्याचा डबा घालते. आण ती नियमावली इकडे."

भिंग लावून तिनं कलम चौदा मोठ्यानं वाचलं. उपकरणाचा डबा धातूचा असावा. मग पान उलटलं, घटकाभर बघितलं, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकलं.

"पुढं नुसतं पाल्हाळ."

ती कामाला लागली. जुन्या डब्यातून सर्किटची पट्टी अलगद सोडवली. नव्या डब्याला बटणांची भोकं पाडली, कानशीनं कडा मारल्या. ड्रिल आणि शिव्या एका सुरात चालल्या होत्या. ज्यांना सोल्डरची तार कुठल्या टोकानं धरायची ते ठाऊक नाही, ते नियम करणार, आणि आपण खाली मान घालून पाळणार! एकेक तार तिनं जागेवर आणली, डाग दिला, ओढून बघितली.

झाकण उघडं ठेवून वाजवलं. पेडल गरजलं. झाकण लावून स्क्रू पिळले. गप्प. पुन्हा उघडलं, पुन्हा गरजलं.

"तुझ्यासारखंच आहे गं हे," लेक म्हणाली. "तोंड बंद केलं की जीवच जातो."

आई हसली नाही. भिंगातून बघतच राहिली. डोळ्यांना पाणी आलं, तेव्हा तिनं धुराला शिवी घातली. शेवटी लेक वाकली आणि तिनं बोट ठेवलं.

"इथं बघ. हे टोक उंच राहिलंय. झाकण टेकतंय त्याला."

आईनं टोक चाचपून कापलं. झाकणाला आतून जाड पुठ्ठा चिकटवला.

"तुझे डोळे आहेत म्हणून माझे हात चालतात. तू गेलीस की मिक्सर सोडून गिऱ्हाइकालाच डाग देईन मी."

लेक खो खो हसली.

या वेळी झाकण बंद होतं आणि पेडल असं गरजलं की शेजारच्या शिंप्यानं भिंत ठोकली.

"ठोक, ठोक!" आई ओरडली. "माझ्या हातचं काम आहे. ह्यात खोट काढून दाखवा म्हणावं!"

खोट निघालीच नाही. बुधवारी मंडळाच्या कारकुनानं डब्यावर टिचकी मारली आणि हिरवा कागद चिकटवला. पास. गुरुवारी दुपारी दुकान बंद होतं. "चष्म्याचा नंबर काढायला गेले होते," आई म्हणाली.

शुक्रवारी लेक गिटार पाठीला लावून पोचली. यादीत तिच्या नावावर रेघ मारलेली.

"कलम पंधरा," कारकून म्हणाला. "घरी बदल केलेलं उपकरण आणलं तर उमेदवार बाद."

"बुधवारी तुम्हीच हिरवा कागद लावलात ना?"

"आम्ही स्वतःहून कुणाचा डबा उघडत नाही. लेखी तक्रार आली की उघडावा लागतो. आली. खोटी वाटत असेल तर आता तुमच्यासमोर उघडू का?"

"तक्रार कोणाची?"

"नाव गुप्त असतं. अर्जावर तसं छापलेलंच आहे."

लेकीनं आईला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन कारकुनाच्या टेबलावर आपटला. बाद झाल्याचं, गुप्त तक्रारीचं सगळं ऐकून आई पेटली.

"भ्याड कुठले! पोरीचं आयुष्य नासवता आणि वर नाव लपवता? समोर यायची हिंमत नाही का त्या मेल्याला? हलू नकोस तू तिथून. नाव विचार!"

सगळी खोली वळून बघायला लागली. कारकुनानं पेन खाली ठेवलं.

"हे कोण बोलतंय?"

"माझी आई."

"दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

त्यानं फायलीतून एक अर्ज काढला. नाव आणि सही तळहातानं झाकली आणि कागद तिच्याकडे फिरवला. मधली एक ओळ उघडी राहिली होती.

तक्रारदाराचं उमेदवाराशी नातं : आई.

फोन अजून चालूच होता.

"अगं, गप्प का झालीस? कोणी केली तक्रार? मला आत्ताच्या आत्ता उत्तर पाहिजे!"