व्हिएन्नावाला

"विमानतळावरून शयरात कायनं जातेस बे?" श्यामलालनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता योगराजच्या कानाखाली वाजवली.

"एस सात," योगराज म्हणाला. "लोकल गाडी. लांडस्ट्रासेले उतरायचं."

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाहेर, बंद राइस मिलमध्ये भर दुपारी त्याला खुर्चीला बांधलं होतं. समोर दोन भाऊ. थोरला श्यामलाल प्रश्न विचारायचा. धाकटा मुन्नालाल मशीनचा रबरी पट्टा घेऊन उभा होता. बाजाराच्या रस्त्यावर त्यांनी मोटारसायकल अडवली, "तूच काय बे तो व्हिएन्नावाला?" एवढंच विचारलं, आणि "हो" म्हणताच योगराज धानाच्या बांधीत तोंडावर पडला होता.

हे त्याच्या होणाऱ्या बायकोचे, दुर्गाचे चुलतभाऊ, असं त्यानं बांधीतच ताडलं. नागपूरला असतात, डोक्यानं तापट आहेत, असं दुर्गा बोलली होती. लग्न तोंडावर आलेलं. पोरगा खरंच परदेशात राहतो की नुसती थाप, याची चौकशी भाऊ लोक करणारच. पद्धत जरा जास्त होती, पण बहीण त्यांची होती.

आणि थाप तर होतीच. योगराज कामाला होता रायपूरला, एका टूर कंपनीत. युरोपात फिरायला गेलेली माणसं रस्ता चुकली की फोन करायची. कुठली मेट्रो, कुठली ट्राम, हे योगराज इकडून सांगायचा. ऑफिसात प्रत्येकाला एकेक शहर वाटून दिलेलं. पोरगी पाहायला गेला तेव्हा दुर्गाच्या बापानं विचारलं, काय करता? हा म्हणाला, "व्हिएन्ना पाहतो." बापाला ऐकू आलं, "व्हिएन्नात राहतो." दारामागून दुर्गा हसली. त्या हसण्यापुढं दुरुस्ती करायची त्याला हिंमत झाली नाही. दुर्गा हातची जाऊ नये, एवढ्यासाठी तो आता मार खात होता.

"मंग?"

"मंग यू चार. हिरवी लाइन."

"गेटावर तिकीट कोनाले दाखवतेस?"

योगराजचं डोकं बधिर झालं होतं. "गेटावरच्या मानसाले."

पट्टा छातीवर बसला. खुर्चीसकट तो कोंड्याच्या ढिगात गेला.

"खोटं बोलून राहिला बे हा," मुन्नालाल म्हणाला.

"गेटच नाही!" कोंडा थुंकत योगराज ओरडला. "तिथल्या मेट्रोले गेटच नाही, दादा! निळ्या डब्यात तिकिटावर ठप्पा मारायचा अन् सरळ आत. चेकर साध्या कपड्यात फिरते."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. श्यामलालनं खुर्ची उभी केली, तांब्या त्याच्या तोंडाला लावला. चुकीच्या उत्तराला पट्टा, बरोबर उत्तराला पाणी. यांनी मोबाइलवर बराच अभ्यास केलेला दिसतो, योगराजला वाटलं.

"लेंगनफेल्डगासे टेसन," श्यामलाल अजिबात न अडखळता म्हणाला. "तिथून तपकिरी लाइन पकडाले जिना चढतेस का उतरतेस?"

यात खोच होती. ओठ फाटला होता, तरी योगराजनं नीट आठवलं. "जिनाच नाही. हिरवीतून उतरलं की त्याच फलाटावर समोर तपकिरी येते." आणि मग सवयीनं निघून गेलं, "आणखी काही मदत करू का? आपला प्रवास सुखाचा होवो."

मुन्नालालनं ठोसा मारला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज तिघांनाही ऐकू आला.

"बरोबर सांगितलं ना, भाऊ!"

"बरोबर होतं," मुन्नालाल म्हणाला. "हा मस्करीचा होता."

"फलाटाच्या टोकाले संध्याकाळी कोनी राहते काय?" श्यामलालनं विचारलं.

हा प्रश्न योगराजला आजवर फोनवर कोणी विचारला नव्हता. "टोकाले? नाही सहसा."

 श्यामलाल खाली वाकला. आवाज एकदम मऊ झाला होता. "आता आखरीचं. सच बोल. तिथं राहतेस, का ऐकलेलं बोलून राहिला? नाही राहत म्हन, आत्ता सोडतो. मोटारसायकलीवर बसवून देतो."

तिकडं मुन्नालालनं पट्टा टाकून पोती उचलायचा लोखंडी हुक हातात घेतला होता. योगराजला सापळा स्पष्ट दिसला. खरं बोललो की लग्न गेलं, आणि वर जीवही जाणार.

"राहतो. दुर्गाची शपथ."

"बाईमानसाचं नाव मधात घेऊ नोको. पक्कं राहतेस?"

"आईच्यान."

"आपल्या जिल्ह्यातले अजून कोन आहेत तिथं?"

नाक फुटलेलं होतं, तरी योगराजची छाती फुगली. "एक बी नाही. अख्ख्या गोंदिया जिल्ह्यातून मी एकटाच."

श्यामलालनं हातांची दोरी सोडली. स्वतःच्या दुपट्ट्यानं त्याच्या तोंडावरचं रक्त पुसलं. मग आईला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"बाई, भेटला. सारं पाठ आहे याले. एकटाच आहे."

योगराजच्या डोळ्यांत पाणी आलं. परीक्षा पास झाली होती. त्यानं सुजलेले हात फोनपुढं जोडले. "पाया पडतो, आई. घरचाच समजा मले."



"बोली तं आपलीच आहे रे," पलीकडून म्हातारीचा आवाज आला. "माहा ओमेश व्हिएन्नाच्या दवाखान्यातून फोनवर हेच सांगून मेला, 'बाई, त्या टेसनावर फलाटाच्या टोकाले मले भोसकनारा आपल्याच जिल्ह्यातला होता.' घाल हुक, मुन्ना."