बुडाशी ओल

होडीने आजही चाकं बाहेर काढली नाहीत. “बुडाशी ओल आहे,” ती शांतपणे म्हणाली. “ओलीत परक्या शिंपल्यांची पिल्लं जगतात आणि नव्या तलावात पसरतात. पूर्ण वाळल्याशिवाय मी दुसऱ्या तलावावर जाणार नाही.”

“तिकडे माझा तलाव वाट बघत असेल,” म्हणत धनपाल पायरीवर टेकला. तो याच होडीतून बायकोला, चंदाला, माहेरी घेऊन आला, सासरवाडीच्या तलावात हौसेने जाळं टाकलं, आणि तेव्हापासून होडी अंगणात उन्हाला पडून होती. शेजारचे पापड वाळून कडक झाले, होडी काही वाळेना.

त्याच्या सासूबाई, सगुणाबाई, झिंग्यांचा रस्सा वाढताना मान वर करीनात. रोज सकाळी तुळशीला घालून गडव्यात उरलेलं पाणी त्या गुपचूप होडीच्या बुडाशी ओतत होत्या. लेक एकदा गेली की परत कधी येईल, कोण जाणे.

पण जावयाचा उतरलेला चेहरा बघून त्यांना कसंसंच झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्खा गडवा तुळशीतच रिकामा केला आणि डोळे पुसत आत वळल्या.

“बुडाशी ओल आहे,” मागून होडी म्हणाली.

सगुणाबाई चक्रावून परत फिरल्या. होडीपाशी धनपाल उभा होता. हातातला तांब्या लपवायलाही त्याला वेळ मिळाला नव्हता.

“चंदा इथं फार हसते, आई,” तो खाली बघत म्हणाला.

सगुणाबाईंनी त्याच्या हातातून तांब्या घेतला.

“असं उघड्यावर नका ओतू, जावईबापू. मागच्या फटीत ओता. तिथं ऊन पोचत नाही.”