धुराड्यातला बूट

इंग्लंडमधल्या आमच्या गवती छपराच्या कॉटेजचं धुराडं दुरुस्त करताना म्हाताऱ्या ग्रॅहम गवंड्याने एक सैल वीट काढली आणि मागच्या पोकळीतून लहान मुलाचा एकच बूट काढून माझ्या हातात ठेवला. चामडं वाळून लाकूड झालं होतं.

"घर बांधणाऱ्यांनी ठेवलाय, तीनशे वर्षांपूर्वी," तो म्हणाला. "धुराड्यातून चेटकीण उतरू नये म्हणून वापरलेला बूट भिंतीत ठेवायचे. परत आतच ठेवायला हवा, मिसेस दातार. घराचा आहे तो."

मला हसू आलं. पुण्याला नव्या बांधकामावर दृष्ट लागू नये म्हणून जुनी चप्पल टांगतात. ह्यांना सांगायलाच हवं, म्हणून मी ह्यांच्या खुर्चीकडे वळलेसुद्धा. खुर्ची रिकामी. या घराच्या बुटक्या दारावरच्या तुळईला रोज डोकं आपटून घेणारे हे, तीन वर्षांपूर्वीच गेले. चपला तेवढ्या दाराशी आहेत. "टाक गं आई त्या आता," लेक दर रविवारी फोनवर सांगते. मी हो म्हणते.

"थांबा जरा," मी ग्रॅहमला म्हणाले. दाराशी गेले, ह्यांची एक चप्पल उचलली. अंगठ्याचा खोलगट ठसा तिच्यात अजून होता. तो चिमुकला बूट मी परत पोकळीत ठेवला आणि त्याच्याशेजारी ही चप्पल.

वीट बसवण्याआधी ग्रॅहमने हळूच विचारलं, "आणि दुसरी?"

"ती राहू दे दाराशी," मी म्हणाले. "एकच चप्पल असली की माणूस फार लांब जात नाही."